कारखान्यातून येणारे घर : मागवण्यापूर्वी प्रकार ओळखा

मिरजगाव (प्रतिनिधी) – ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात घर मागवता येत नव्हते. आता ते ट्रकवरून येते. नगर-सोलापूर रस्त्यावर हॉटेलांच्या, पेट्रोल पंपांच्या आवारात पांढऱ्या-निळ्या पत्र्याच्या केबिन दिसतात, तेव्हा शेतावर दोन खोल्यांची सोय करू पाहणाऱ्याच्या किंवा पुण्या-मुंबईची नोकरी संपवून गावी परतू पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हटकून येतो : असेच घर आपण का घेऊ नये?

प्रश्न अप्रस्तुत नाही. कर्जत तालुका हा पर्जन्यछायेतील भाग. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लागतो, तेथे बांधकामावर मारायला पाणी कोठून आणायचे? काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस पाणी द्यावे, असे भारतीय मानक (आयएस ४५६) सांगते, आणि उष्ण-कोरड्या हवेत हा काळ आणखी वाढवावा लागतो. गवंडी वेळेवर मिळत नाही, वाळूचा भाव विचारण्याची सोय नाही. अशा वेळी ‘पाणी नको, वाळू नको, महिन्याभरात घर’ ही जाहिरात कानाला गोड लागणारच. मात्र या जाहिरातीत ‘प्रीफॅब’ हा एकच शब्द चार अगदी वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो, आणि घेणाऱ्याचे नुकसान बहुतेक वेळा तेथेच होते.

एकच शब्द, चार वस्तू

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा भेद चांगला ठाऊक असतो, कारण तेथे तो कायद्यानेच केलेला आहे. कायम पोलादी सांगाड्यावर (चॅसिसवर) बांधलेले आणि १५ जून १९७६ पासून लागू झालेल्या केंद्रीय संहितेनुसार तयार झालेले घर ते ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’. कारखान्यात खोल्या तयार करून आणल्या, परंतु स्थानिक बांधकाम नियमांनुसार पायावर कायमच्या बसवल्या, तर ते ‘मॉड्युलर होम’. दोन्ही घरे कारखान्यातूनच येतात. तरीही कर्ज, विमा आणि पुनर्विक्रीची किंमत यांबाबत दोहोंत मोठा फरक पडतो.

आपल्याकडे अशी कायदेशीर विभागणी नाही. त्यामुळे ती ग्राहकानेच करावी लागते. त्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : छताचे ओझे कशावर आहे? पॅनलवर, पत्र्याच्या डब्यावर, पोलादी सांगाड्यावर की काँक्रीटवर? पुरवठादार या प्रश्नाचे उत्तर सरळ देत नसेल, तर रंग, टाइल्स आणि मॉड्युलर किचनची चर्चा पुढे नेण्यात अर्थ नाही.

पोर्टा केबिन आणि पफ पॅनलची खोली

सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दिसणारा प्रकार हाच. चौकोनी नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा आणि त्यावर दोन पातळ रंगीत पत्र्यांमध्ये फेस भरलेले पॅनल, अशी त्याची रचना असते. हा फेस पॉलियुरेथेनचा असला तर त्याला ‘पफ’ म्हणतात. स्वस्त मालात त्याऐवजी थर्माकोल असते. तिसरा पर्याय रॉकवूलचा, म्हणजे दगडापासून बनवलेल्या लोकरीचा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून पॅनलची कापलेली कड पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

उष्णता अडवण्यात पफ खरोखर सरस आहे. पन्नास मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनलमधून जाणारी उष्णता ही दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीच्या तुलनेत एक चतुर्थांशाहूनही कमी असते. मग अशा केबिनमध्ये दुपारी का उकडते? कारण ही भिंत उष्णता अडवते, साठवत नाही. आपल्या भागातील जुन्या धाब्याच्या घरांत मातीचे जाड माळवद आणि दगडाच्या रुंद भिंती दिवसाचे ऊन तासन्‌तास आपल्यात जिरवीत, म्हणून दुपार सुसह्य होई. पॅनलच्या खोलीत मात्र दार चार वेळा उघडले, एक खिडकी उन्हाकडे राहिली की आतली हवा लगेच तापते. आणि तापलेली हवा बाहेर जाण्यास वाट नसेल तर पफचा उपयोग उलट दिशेने होतो. अर्थात रात्री ती लवकर गारही होते. समोरासमोर खिडक्या, दोन फुटांची तरी पागोळी आणि छतावर वेगळा उभारलेला दुसरा पत्रा, एवढे केले तर फरक पडतो. पुरवठादाराच्या मूळ नकाशात यांपैकी बहुधा काहीही नसते.

आगीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पफ आणि थर्माकोल ही दोन्ही जळणारी द्रव्ये असून पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सुटतात. जेथे चूल पेटते किंवा गॅसची शेगडी आहे, तेथील भिंत रॉकवूलची किंवा सिमेंट बोर्डाची मागावी. चूल असेल तर ती वेगळ्या छपरातच बरी. पॅनलच्या उघड्या राहिलेल्या कडांतून उंदीर फेस पोखरतात, ही गोष्ट दिखाऊ नमुन्यात कोणी सांगत नाही. कडा पत्र्याच्या पट्टीने बंद असाव्यात.

राखणीची खोली, शेतावरचे कार्यालय, पाहुण्यांसाठी एखादी जादा खोली, यांसाठी हा प्रकार उत्तम. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाने तिथे आयुष्य काढावे, असे मात्र सुचवता येत नाही.

कंटेनर : दिसते तेवढे सोपे नाही

शहरी मासिकांतील छायाचित्रांमुळे कंटेनर घराचे आकर्षण वाढले आहे. न्हावा-शेवा बंदरामुळे महाराष्ट्रात वापरलेले कंटेनर मिळण्यास अडचण नाही. वीस फुटी कंटेनरची बाहेरची मापे २० बाय ८ फूट, म्हणजे १६० चौरस फूट; चाळीस फुटीची ३२०. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट क्षेत्र ठरवलेले आहे. त्या मापाने पाहिले तर वीस फुटी कंटेनर हे घर नव्हे, खोली आहे.

तीही अरुंद. आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर. पन्हाळीदार पोलाद उन्हात तव्यासारखे तापत असल्याने आतून पफ आणि बोर्ड लावणे अपरिहार्य, आणि ते लावले की रुंदी सव्वासात फुटांच्या आसपास उरते. पलंग आडवा टाकला की चालायला वाट नाही. साध्या कंटेनरची आतली उंची सुमारे २.३९ मीटर, वरून बोर्ड आल्यावर छताचा पंखा लावायचा कोठे? ज्याला कंटेनरच हवा आहे त्याने सुमारे एक फूट अधिक उंचीचा, ‘हाय क्यूब’ म्हणतात तो घ्यावा.

दोन कंटेनर जोडून मोठी खोली करण्याची कल्पना तर अधिकच महाग पडते. कंटेनरची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांतील खांबांत आणि पन्हाळीदार भिंतींत एकत्रितपणे असते. मधली भिंत कापली की छत झोळ खाते. मग तुळया आणि खांब आतून वेल्ड करावे लागतात. इतके पोलाद घालायचे तर पहिल्यापासून सांगाड्याचे घर का नको, हा प्रश्न उरतोच. शिवाय जुन्या कंटेनरच्या लाकडी तळाला वाळवी-कीड लागू नये म्हणून कीटकनाशकांची प्रक्रिया केलेली असते. लहान मुले जमिनीवर खेळणार असतील तर तो तळ काढून टाकणे किंवा पूर्ण झाकून घेणेच योग्य.

हलक्या पोलादी सांगाड्याचे घर

कायम राहण्यासाठी ज्याचा गांभीर्याने विचार करावा असा हा प्रकार आहे. पातळ, जस्तलेपित पोलादी पट्ट्या यंत्रावर वाकवून त्यांचे खांब-तुळयांसारखे भाग कारखान्यात संगणकाच्या आराखड्यानुसार कापले जातात आणि जागेवर स्क्रूने जोडले जातात. उभे भाग साधारण दोन-दोन फुटांवर असतात. बाहेरून सिमेंट बोर्ड, मध्ये रॉकवूल किंवा हलके काँक्रीट, आतून जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड. पूर्ण झाल्यावर हे घर पाहणाऱ्याला विटांच्या घराहून वेगळे वाटत नाही.

केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांत याच पद्धतीची चाचणी झाली. १ जानेवारी २०२१ रोजी देशातील सहा शहरांत प्रत्येकी हजाराच्या आसपास घरांची पायाभरणी झाली आणि प्रत्येक शहरासाठी वेगळे तंत्र निवडण्यात आले. आगरताळ्यात हलक्या पोलादी सांगाड्याचे, इंदूरमध्ये सँडविच पॅनलचे, चेन्नई व रांचीत तयार काँक्रीट भागांचे. भूकंपाचा सर्वाधिक धोका असलेल्या आगरताळ्यासाठी पोलादी सांगाडा निवडला जावा, यात संगती आहे. भूकंपाचा धक्का घराच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जवळपास आठ हजार माणसे दगावली, ती प्रामुख्याने दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळल्याने. जुन्या माळवदाच्या गारव्याचे कौतुक करताना त्याची ही बाजूही विसरता येत नाही.

या प्रकारात ग्राहकाने तपासायचे ते गंज आणि जोड. जस्ताचा थर किती, हे लेखी घ्यावे. चौरस मीटरला २७५ ग्रॅम हे प्रचलित प्रमाण आहे. जागेवर पट्टी कापली असेल तर कापलेल्या कडेला जस्ताचा रंग दिला आहे का, ते पाहावे. सिमेंट बोर्डांच्या सांध्यांवर जाळीची पट्टी आणि लवचीक भरण नसेल तर पहिल्या उन्हाळ्यातच भिंतीवर सरळ रेषांच्या भेगा उमटतात. भिंतीवर कपाट, पाण्याची टाकी, टीव्ही कोठे टांगणार हे आधीच सांगावे, म्हणजे त्या जागी आतून आधार देता येतो. नंतर बोर्डात खिळा ठोकून काहीही उभे राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गावांतील रीतीशी निगडित आहे. स्लॅब टाकताना खांबांच्या सळया वर सोडून ठेवायच्या आणि थोरल्याच्या लग्नापर्यंत वर मजला चढवायचा, ही आपली पद्धत. पोलादी सांगाड्याच्या घरात ती सोय आपोआप येत नाही. वरचा मजला पुढे हवा असेल तर त्याचे वजन आजच्या आराखड्यात धरावे लागते आणि त्याचे पैसे आजच मोजावे लागतात. ज्यांचा मजला चढवण्याचा बेत पक्का आहे, त्यांनी नेहमीच्या आरसीसी घराचा पर्याय सोडू नये, असे स्पष्ट म्हणावे लागेल. वजन आणि उष्णता कमी करण्यासाठी त्यात सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे वापरता येतात. हे ठोकळेही कारखान्यातच तयार होतात, बी. जी. शिर्के यांच्या पुण्यातील कारखान्याने ‘सिपोरेक्स’ या नावाने ते महाराष्ट्रात कित्येक दशकांपूर्वी रुजवले.

काँक्रीटचे तयार भाग

खांब, तुळया, स्लॅब कारखान्यात ओतून क्रेनने जोडण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. शिर्के समूहाने ही पद्धत मोठ्या गृहप्रकल्पांत वापरली. सिडकोच्या नवी मुंबईतील प्रकल्पांत तिचा वेग लोकांनी पाहिला. बामणडोंगरी येथे ९६ सदनिकांची इमारत ९६ दिवसांत उभी राहिली. परंतु हा वेग एकसारख्या शेकडो घरांचा आहे. एका घरासाठी साचे, मोठी क्रेन आणि टनावारी वजनाची वाहतूक परवडत नाही. चेन्नईच्या आयआयटीने पुढे आणलेल्या जिप्समच्या पोकळ पॅनलबाबतही तेच. बारा मीटर लांब आणि तीन मीटर उंच पॅनल पाणंद रस्त्याने वळणार कसे?

आपल्या परिसरात मात्र याच पद्धतीचे एक गावठी रूप जोरात आहे : ‘रेडीमेड कंपाउंड’च्या खाचेच्या खांबांत दोन इंची पाट्या सरकवून केलेल्या खोल्या. कुंपणासाठी ही योजना चांगली आहे. पण त्याच पाट्यांवर पत्रे टाकून माणसे राहायला घालणे ही वेगळी गोष्ट झाली. पाट्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, खांब वरून जोडलेले नसतात, सांध्यांतून पाऊस आत येतो. जनावरांचा चारा ठेवायला, अवजारे ठेवायला ही खोली चालेल. तिला घर म्हणू नये.

पाया : जाहिरातीत नसलेला खर्च

हलक्या घराला पाया लागत नाही, हे विधान मिरजगावच्या परिसरात तरी धोक्याचे आहे. सीनेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. जड घर तिला थोडेफार दाबून धरते. हलके घर ती सहज उचलते. मग दारे अडकतात, बोर्ड फाटतात, पॅनलचे सांधे उघडतात. खाली मुरूम किंवा मांजऱ्या लागेपर्यंत खोदून पाया घेणे हा सरळ उपाय आहे. काळी माती खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल विचारात घ्यावेत. घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी करून पावसाचे पाणी पायापासून दूर काढावे. पाया, जोते, शौचालयाचा शोषखड्डा ही कामे बहुतेक दरपत्रकांत ‘ग्राहकाकडे’ असतात, आणि त्यांना पाणीही लागते, वाळूही आणि गवंडीही.

दुसरी बाजू वाऱ्याची. वळवाच्या वादळात पत्रे उडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) पुणे व नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. मोकळ्या शिवारात आडोसा नसतो. तुमच्या गटासाठी कोणता वेग धरला, घर पायाला किती आणि कोणत्या मापाच्या बोल्टांनी जखडले, याचे संरचना अभियंत्याच्या सहीचे गणित मागावे. नुसत्या विटांवर ठेवलेली केबिन ही वादळात सामानासारखीच असते.

पोलादी घरात विजेचे काम हलक्या हाताने करून घेऊ नये. स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-प्रवाह स्विच (आरसीसीबी) या दोन गोष्टी अनिवार्य समजाव्यात. संपूर्ण भिंतच वीजवाहक आहे, हे लक्षात घ्यावे.

घर येणार कोणत्या वाटेने, हेही पाहून ठेवावे. चाळीस फुटी ट्रेलरला उसाच्या ट्रॅक्टरची वाट पुरत नाही, आणि क्रेनच्या वर महावितरणच्या तारा असतील तर वीज बंद करून घेण्याचा खटाटोप आलाच.

कागद, कर्ज आणि तक्रार

‘हलवता येते म्हणून परवानगी लागत नाही’ असे विक्रेते सांगतात. त्यावर विसंबू नये. स्वतःच्या शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधण्याची मुभा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे. पण तेच घर पर्यटकांना भाड्याने द्यायचे ठरले की जमिनीचा वापर बदलतो. बिनशेतीचे नियम अलीकडच्या वर्षांत वारंवार बदलले असल्याने आपल्या गटाला लागू असलेला नियम तहसील कार्यालयातून लेखी घ्यावा. गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद होईल, त्यात बांधकामाचा प्रकार काय लिहिला जातो तेही पाहावे.

कर्जाच्या बाबतीत हा प्रकार कळीचा ठरतो. गृहकर्ज स्थावर मालमत्तेच्या तारणावर मिळते आणि स्थावर म्हणजे भूमीशी संलग्न. पायात जखडलेल्या सांगाड्याच्या घरासाठी बँकेशी बोलता येते; उचलून नेता येणारी केबिन ही बँकेच्या दृष्टीने जंगम वस्तू. त्यात बँक बांधकामाच्या टप्प्यांनुसार रक्कम सोडते, तर कारखानदाराला माल निघण्यापूर्वीच मोठा हिस्सा हवा असतो. मधले अंतर स्वतःच्या खिशातून भरावे लागते. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी बँकेचे पत्र हातात असावे, आणि शेवटचा एक हिस्सा पहिला पाऊस पडून छत गळत नाही असे दिसेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात घालून घ्यावी. दर चौरस फुटाचा विचारताना तो बाहेरच्या मापावर आहे की आतल्या, त्यात पाया, वाहतूक, क्रेन, वीजजोडणी आणि जीएसटी धरले आहेत की नाहीत, हे स्पष्ट झाल्याखेरीज दोन दरपत्रकांची तुलना होऊच शकत नाही.

सदनिका घेणाऱ्याला ‘महारेरा’चा आधार असतो. स्वतःच्या जमिनीवर एकच घर मागवणाऱ्याला तो नसतो. त्याचा मार्ग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा : दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तेथे छापील माहितीपत्रक कामाला येत नाही. पॅनलची जाडी व आतील द्रव्य, पत्र्याची जाडी, जस्ताचा थर, बोल्टांची संख्या, हे सारे करारात लिहिलेले असावे लागते.

मुदतीचा विचार शेवटी राहतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर पुण्यातील पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभारण्यात आल्या. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये सैनिकांसाठी आखलेला हा निवारा. तात्पुरता म्हणून मिळालेला तो अनेक कुटुंबांसाठी वर्षानुवर्षांचे घर झाला. आज ‘चार-दोन वर्षे काढू, मग बांधू’ म्हणून केबिन घेणाऱ्यांनी त्यामुळे पहिल्याच दिवशी ठरवावे की ती पुढे कशासाठी वापरायची. पुढे गोदाम किंवा राखणीची खोली होणार असेल, तर ती मुख्य घराच्या नियोजित जोत्यावर न ठेवता बांधाच्या कडेला ठेवावी. घर पोचल्यावर जोडणीचे नकाशे, पॅनलचा रंगक्रमांक आणि चार-पाच जादा पॅनल मागून घ्यावेत. दहा वर्षांनी त्याच मापाचे पॅनल बनवणारा कारखाना सापडेलच असे नाही.